टेबलावरचा नारळ

सर्वण, डिचोली
११ फेब्रुवारी २०१८

चि. शिवदास,

फोन तू उचलत नाहीस. शेवंती उचलते, "ते कुळागरात पोफळी शिंपायला गेलेत" म्हणते, आणि मागे तुझं खोकणं मला स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पत्र. पत्र घरात आलं की हातात घ्यावंच लागतं, निदान बाजूला टाकण्यासाठी तरी.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. मी नारळ दिला, पण आपला डोंगर फोडायला दिला नाही.

आमच्या यार्डातून कुठलीही मशीन भाड्याने बाहेर पडते तेव्हा ऑपरेटर माझ्या टेबलाशी येतो. मी त्याला किल्ली देते, टेबलाखालच्या टोपलीतला एक नारळ देते आणि म्हणते, "नीट जा, कुणाला इजा नको." एवढंच. सगुणबाबची, म्हणजे आमच्या मालकाची, आई होती तोवर ती देत असे. ती गेली, आणि गेटाशी बसणारी बाई मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यात माझी भक्तीबिक्ती काही नाही. मी रोलरला नारळ दिला आहे, काँक्रीटच्या मिक्सरला दिला आहे, लग्नाच्या मांडवात जाणाऱ्या जनरेटरलाही दिला आहे. म्हापशाच्या एका माणसाला नुसता पंप हवा होता, तोही नारळ घेऊन गेला. तसाच त्या सकाळी मी यशवंतला दिला. पोकलेन ट्रेलरवर चढली होती, ट्रेलरचं इंजिन सुरू होतं, माझ्यासमोर दोन माणसं जेसीबीसाठी भांडत होती. मी मान वर करून नीट बघितलंही नाही.

पुढचं शेवंतीने सांगितलं. चुकत असेल तर दुरुस्त कर.

वाड्यावरची माणसं सकाळपासून झरीपाशी जमली होती. डोंगर विकत घेतलेल्या पार्टीतर्फे गोपाळ पंच, गाऱ्हाणं घाल म्हणून, तुझ्याकडे पुन्हा आला. राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, बाबांनंतर तुझा. आपल्या घराच्या शब्दाशिवाय त्या डोंगरावर कुदळ पडत नाही. हे तुला मी सांगायला नको, पण सर्वणात राहून मी विसरले असं तुला वाटत असेल म्हणून लिहिते. तू गोपाळला म्हणालास, "माज्या तोंडातसून ता येवचा नाय." शाबास. माणसं खूश झाली. पोकलेन ट्रेलरवरून उतरून नुसतीच उभी होती. आमचे ऑपरेटर सिंधुदुर्गातले. गाऱ्हाणं झाल्याशिवाय नव्या जमिनीत बकेट घालत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक.

आणि मग यशवंतने केबिनमधून तो नारळ काढला. राखणदाराच्या दगडासमोर धरला आणि मोठ्याने म्हणाला, "ह्या घरच्या थोरल्या ल्येकीन दिल्लो नारळ. मानून घे म्हाराजा." ट्रेलरच्या ड्रायव्हरने "व्हय म्हाराजा" म्हटलं. नारळ फुटला. सगळा वाडा तुझ्या तोंडाकडे बघायला लागला.

तू एक शब्द बोलला नाहीस. का, शिवदास? "माझ्या बहिणीने हा नारळ या कामाला दिलेला नाही" एवढं वाक्य तुला म्हणता आलं नाही? शाळेत असताना वर्गात उभं राहून उत्तर द्यायचीही तुला भीती. मी तेव्हाही सांगत असे, मान वर करून बोल.

शेवंतीने तुझा एक निरोप मात्र पोचवला. "ते म्हणतत, बायेक सांग, तुझो नारळ गोड निघालो."

तर ऐक. त्या नारळाचं अर्धं भकल यशवंतने प्रसाद म्हणून डिझेलच्या पिकअपमधून माझ्याकडे पाठवलं होतं. कुठला, कसला, मी विचारलं नाही. असे प्रसाद रोज येतात. घरी नेलं, किसून चवळीच्या उसळीत घातलं आणि जेवले.

गोड होता.

विनोदिनी


सर्वण
२३ फेब्रुवारी

चि. शिवदास,

बाटली पोचली.

शंभू, आमच्या डिझेलच्या पिकअपचा ड्रायव्हर, दर दोन दिवसांनी साइटवर जातो. काल परत आला तो ती टेबलावर ठेवून म्हणाला, "तुमच्या भावान दिली."

"काही निरोप?"

"निरोप नाय. बाटलीच."

शेवंती दर मे महिन्यात मला कोकमाचं सरबत भरून पाठवते तीच बाटली, त्यामुळे पटकन मला वाटलं सरबतच आहे. रंगही तसाच. मग हातात घेऊन उजेडात धरली. आपल्या झरीचं पाणी इतकं लाल मी भर पावसातही बघितलेलं नाही.

रात्रभर ती टेबलावरच राहिली. सकाळी कामावर गेले तर गाळ खाली बसला होता आणि वर निवळ पाणी. मला वाटलं, झरही अशीच निवळेल. तेवढ्यात यार्डात चेनवाली मशीन फिरली, टेबल हादरलं आणि बाटली पुन्हा लाल झाली. दिवसभर हेच चाललंय. सगुणबाब आले, बघून म्हणाले, "हें कितें गो बाय, काढो?" मी म्हटलं, आमच्या झरीचं पाणी. ते मोबाइलमध्ये बघायला लागले.

आता जे गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते.

मशीन कुठे चालली आहे हे मला माहीत होतं. पार्टीचा माणूस माझ्याच टेबलासमोर बसून जागा सांगत होता. तुये गावाच्या पुढे, झरीच्या वरची उतरण. मी त्याला म्हटलं, तिथे रस्ता अरुंद आहे, ट्रेलर जाणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही रुंद केलाय." मी म्हटलं, खाली झर आहे. तो म्हणाला, "कागद सगळे आहेत." कागद आहेत हे खरं. मी बघितले.

मशीन नाही म्हणायचा अधिकार माझा नाही. माझ्या हातात एकच गोष्ट असते. कुठल्या मशीनवर कुठला ऑपरेटर जाईल, ते मी ठरवते. आमच्याकडे असे आहेत की ज्यांना देव, राखणदार, काही घेणंदेणं नाही. किल्ली फिरवली की सुरू. त्यातला एक त्या दिवशी मोकळा होता. मी त्याला मुद्दाम वाळपईला पाठवला आणि तुझ्याकडे यशवंतला पाठवला, कारण यशवंत गाऱ्हाण्याशिवाय बकेट खाली टेकवत नाही. दोडामार्गाकडे एका साइटवर गावचा गावकर आजारी होता म्हणून हा आठवडाभर मशीन उभी करून मासे पकडत बसला होता. पात्रांवनी, म्हणजे सगुणबाबनी, शिव्या घातल्या, तरी हलला नाही. मी हिशेब केला की शिवदास गाऱ्हाणं घालणार नाही, यशवंत सुरू करणार नाही. पार्टी कंटाळेल. पार्ट्या कंटाळतात, दुसरीकडे कुठे डोंगर मिळत नाही असं थोडंच आहे.

तुला आधी सांगायला हवं होतं म्हणशील. तुला सांगितलं असतं तर तू वाड्याला सांगितलं असतंस, वाड्याने गोपाळला, आणि गोपाळने पार्टीला.

यशवंत शनिवारी पगाराला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतला. "तुला कोणी सांगितलं की तो नारळ आमच्या घरचा आहे?"

तो भांबावला. "बाय, तुमीच दिलास मां?"

"मी सगळ्यांनाच देते!"

"सगळ्यांका देतास, पण सगळे डोंगर तुमचे नाय. ह्यो तुमचो. मियां वाटेत इचार केलंय, बायेन माका मुद्दाम धाडल्यान, दुसऱ्याक नाय धाडल्यान. म्हणजे घरचो नारळ घरच्याच देवाक पोचवूक धाडल्यान. माका बरा वाटला."

"अरे, पण मी लेक. मान भावाचा."

"लगीन झाल्ली ल्येक परक्या घरची, बाय. तुमचा लगीन खंय झाला? तुमी त्याच घरच्या. आणि थोरल्या."

लग्न न केल्याचे तोटे मला आजवर पुष्कळ लोकांनी सांगितले. बी.ए. झाले तेव्हापासून ऐकते आहे. पण हा तोटा कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवेना. तो होता तिथेच खाली बसला, त्या ग्रीसच्या डब्यांमध्ये. "बाय, असा कित्याक केलास? उघड सांगलास असता, यशवंता सुरू करू नको, तर मियां केलं नसतंय." उघड सांगायला मी फक्त दुसऱ्यांना शिकवते.

त्या सकाळी तू का बोलला नाहीस ते मला आता समजलं, असं मला वाटतं. राखणदारापुढे धरलेला नारळ मागे घेता येत नाही. आणि तो थोरल्या बहिणीच्या नावाने धरलेला. तू बोलला असतास तर सगळ्या वाड्यासमोर मला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. तुला वाटलं, बायने दिला असेल तर काही विचार करूनच दिला असेल. लहानपणापासून तुला तेच शिकवलं मी.

गेल्या पत्रातलं ते शाळेचं वाक्य खोडून टाक.

बाय


सर्वण
१० मार्च

चि. शिवदास,

तुला वाटत असेल, बाय टेबलाशी बसून बाटली बघते. नाही.

मी सगुणबाबकडे गेले. केबिनचं दार लावून घेतलं, आणि माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी ते कधी लावलेलं नाही, त्यामुळे ते घाबरले. त्यांना वाटलं मी सोडून चालले. मी म्हटलं, ती मशीन त्या डोंगरावरून काढा.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हे मी तुला मागेही सांगितलं आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीतल्या किती जणांनी मशिनी भंगारात घातल्या. यांनी एकेक करून भाड्यावर लावल्या, आणि आमच्यातल्या कुणालाही घरी बसवलं नाही. ते म्हणाले, "बाय, मशीन मी आज काढतो. दुपारी म्हापशाहून दुसऱ्याची येईल. तुमची झर वाचेल?"

मी दाराच्या कडीला हात घातला.

"आम्ही मशीन देतो गो. बकेट कुठे घालायची ते पार्टी सांगते. डोंगर कुणाचो, झर कुणाची, हें विचारायला बसलो तर उद्या गेटाला कुलूप." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या आईच्या माहेरचा डोंगर मीच खणला, खाणीच्या वेळी. आई जेवली नव्हती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जेवली."

मी दार उघडलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

मग मी दुसरी गोष्ट केली. पोकलेनचं ऑइल, फिल्टर, होस पाइप, यांची वेळ ठरलेली असते. ती मी बघते. वेळ व्हायला अजून अवकाश होता. मी मशीन सर्व्हिसला परत बोलावली. मला वाटलं, चार दिवस इथे ठेवीन, एखादा पार्ट बेळगावहून यायचा आहे म्हणून सांगेन, तोवर तू, वाडा, पंचायत, कोणीतरी काहीतरी कराल. शेवंतीला फोन करून सांगितलंही की आता घाई करा.

मशीन आली. पार्टीच्या माणसाने सगुणबाबना फोन केला की काम अडलं, तुमची मशीन बिघडली. सगुणबाबना लाज वाटली. आमची मशीन बिघडली असं कोणी म्हटलेलं त्यांना सोसत नाही. त्यांनी त्याच दिवशी आपली नवी मशीन पाठवली, गेल्या दसऱ्याला घेतलेली. आधीच्यापेक्षा मोठी, आणि पुढे ब्रेकर लावलेला. बकेटने नुसती माती निघते, शिवदास. ब्रेकर दगड फोडतो. जांभ्याच्या ज्या पाठीवर आपली झर येऊन टेकते, तो दगड बकेटला जुमानत नव्हता. यशवंतने मला तसं सांगितलं होतं. तो म्हणे मुद्दाम त्या बाजूला जात नव्हता, वरवर ओरबाडत होता.

ब्रेकर मी पाठवला. मी पाठवला नाही; पण मी मशीन बोलावली नसती तर तो गेला नसता. वाक्य कसंही फिरवलं तरी शेवटी मीच उरते.

नव्या मशीनवर बसायला यशवंतने नकार दिला. "फोडलेल्या नारळाचा पाप एकदा बस झाला," म्हणाला, आणि बॅग घेऊन दोडामार्गच्या बसने गावी गेला. त्याच्या जागी जो गेला त्याचं नाव तुला कळवण्यात अर्थ नाही. बाहेरगावचा आहे, तरुण आहे, कामाला चोख. टेबलाशी आला, किल्ली घेतली. मी नारळ दिला नाही. तो थांबलाही नाही. त्याला ठाऊकच नव्हतं की काही द्यायचं असतं.

तू विचारशील, नोकरी सोडत का नाहीस. मी स्वतःलाही विचारलं. उद्या राजीनामा टाकला तर या खुर्चीत दुसरी कोणीतरी बसेल, किल्ल्या देईल, नारळ देईल, आणि तिला ती झर कुठल्या डोंगराखाली आहे तेही माहीत नसेल. मला माहीत आहे. माहीत असून उपयोग झाला नाही, तेव्हा हे कारण काही फार भक्कम नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. आणि खरं सांगायचं तर, या टेबलावरून उठले तर तुझी बाटली ठेवायला शंभूला जागा कुठली?

बाय


सर्वण
२६ मार्च

शिवदास,

काल मी तुझ्या पाठीकडे बघून आले.

यशवंत परत आला होता. कामावर नाही, माझ्या घरी. सकाळीच दारात उभा, पिशवीत रोट, विडीचं बंडल आणि नारळ. त्याच्या बायकोने रोट भाजून दिला होता. म्हणाला, झोप लागत नाही, पोराला ताप आला, म्हशीने दूध चोरलं, सगळं त्या नारळापासून. मी त्याला सांगितलं की म्हशी दूध चोरतात, त्याला राखणदार लागत नाही. तो म्हणाला, "तुमी शिकल्या सवरल्या. तुमका तसा वाटात. पण बाय, तुमका झोप लागता?"

मी साडी बदलली आणि त्याच्याबरोबर निघाले. बसने पेडणे, पुढे रिक्षा.

रविवार, मशीन बंद होती. वर उभी होती, ब्रेकर खाली टेकवून. पक्षी चोच जमिनीत खुपसून झोपला असावा तशी. डोंगर मी ओळखला नाही. ज्या सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड होता ती सातवीण आहे. दगडाभोवती त्यांनी लाल-पांढरी पट्टी बांधली आहे, साइटवर खड्ड्याभोवती बांधतात तशी. पार्टी म्हणते, देवस्थान आम्ही राखलं. तेवढंच राखलं.

यशवंतने रोट मांडला, विडी लावून दगडाशी ठेवली. हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा राखणदारा, जाणतेपणान, नेणतेपणान, चुकला माकला, ह्या लेकरान तुज्या पाठीत लोखंड घातला. घरच्या बायेचो दोष नाय, पोटच्या पोरीसारखो संभाळ कर. ज्या पाण्यान वाडो जगलो ता पाणी दडवू नको, म्हाराजा." आणि थांबला. "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. गाऱ्हाण्याला ते लागतं. दुसऱ्या तोंडाने होकार दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. बायका ते म्हणत नाहीत. आईने कधी म्हटलं नाही, आजीने म्हटलं नाही.

मी म्हटलं. पहिल्यांदा इतकं हळू की त्याला ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "म्हाराजा..." मग मोठ्याने म्हटलं. यार्डात ट्रेलरवाल्याला हाक मारते त्या आवाजात. मला दुसरा मोठा आवाज येत नाही.

तो आवाज खाली कुळागरात आला असणार, कारण तू पोफळीच्या आळ्यात वाकला होतास, तो उभा राहिलास. मागे वळला नाहीस. मी वरून बघत होते. तुझ्या खांद्यावरचा पंचा ओळखला, तो मीच दिवाळीला पाठवलेला. तू बराच वेळ तसाच उभा होतास, पाठ करून. मग पुन्हा वाकलास.

मी झरीवर उतरले. पन्हळीतून पाणी पडत होतं, पण ओंजळ लगेच भरत नव्हती. आपण लहानपणी पन्हळीखाली डोकं धरायचो तर मान खाली जायची इतका जोर होता. शेवंती हंडा लावून बाजूला बसली होती. ती मला "बस गो" म्हणाली. दोघी बसलो. हंडा भरायला बराच वेळ लागला. उठताना तीच म्हणाली, "घराकडे येऊ नका आज. त्यांका रडायला येता, आणि मग ते माज्यावर ओरडतत."

मी गेले नाही. तिचं ऐकलं. आयुष्यात मी कुणाचं इतकं निमूट ऐकलं नव्हतं.

बाय


सर्वण
२ मे

प्रिय शिवदास,

दुसरी बाटली आली.

शंभूने टेबलावर ठेवली तेव्हा मी फोनवर होते. हाताने चाचपली, हलकी लागली. झाकण घट्ट लावलेलं होतं. आत काही नव्हतं. एक थेंबही नाही; धुऊन, वाळवून पाठवलेली. "निरोप?" मी विचारलं नाही. शंभूने टोपी काढली होती.

फोनवर कोण होता सांगू? गोपाळ पंच. त्याला टँकर हवा होता. साइटवर धूळ बसवायला, काँक्रीटवर पाणी मारायला आमच्याकडे टँकर असतात ते तुला माहीत आहे. तो म्हणाला, "बाय, वरच्या वाड्याक पाणी नाय. पावस येयसर एक टँकर देवचो पडतलो. पार्टी बरी आसा, खर्च तीच करता." त्याच्या आवाजात आभार होते. पार्टीचे आभार! मी त्याला विचारलं, टँकर कुठे उभा राहील? म्हणाला, शिवदासच्या कुळागरातल्या खोपटाशी, मांगराशी, तिथवरच रस्ता रुंद केलाय.

टँकर मला द्यावा लागला. या वेळी नाही म्हणावंसं वाटलं नाही, हेच वाईट. डोंगर फोडायला आमचीच मशीन, आणि पाणी आणायला आमचाच टँकर. सगुणबाबना सांगितलं. ते म्हणाले, "टँकर धुऊन द्या, बाय. आतून. दोनदा." मी उभी राहून धुऊन घेतला. आत उतरलेल्या माणसाला तीनदा बाहेर काढून पुन्हा उतरवला, तो वैतागला.

जुनी बाटली मी ओतली नाही. तिच्यातला गाळ आता पुरता बसला आहे. मशीन फिरली तरी हलत नाही. वर बोटभर निवळ पाणी आहे. आपल्या झरीचं तेवढंच उरलं आहे, आणि ते सर्वणात माझ्या टेबलावर आहे. मला ते परत पाठवावंसं वाटलं, पण तुझ्या डोळ्यांसमोर ते ठेवायचं धाडस झालं नाही.

यशवंतला कळवलं. तो म्हणतो, राखणदार रागावला नाही, तो उठून गेला. मला देवाचं काही कळत नाही. पण उठून जाणं मला समजतं, आणि उठता न येणंही.

उद्या सकाळी टँकर निघेल. ड्रायव्हर आज किल्ली न्यायला आला तेव्हा सवयीने माझा हात टोपलीत गेला. नारळ उचलला आणि परत ठेवला. तो पोरगा म्हणाला, "बाय, नारळ नाय?" मी म्हटलं, "नीट जा." पुढचं वाक्य माझ्या तोंडातून आलं नाही. कुणाला इजा नको, हे आता कोणत्या तोंडाने म्हणू?

तो दरवाजापर्यंत गेला आणि मी त्याला हाक मारून परत बोलावलं. तू पाठवलेली रिकामी बाटली त्याच्याकडे देते आहे. काल घरी नेऊन तिच्यात माझ्या विहिरीचं पाणी भरलं आहे. स्वतः शेंदलं, गाळून घेतलं. झरीच्या पाण्याची चव त्याला नाही, थोडं मचूळ लागतं, तू एकदा आला होतास तेव्हा नाक मुरडलं होतंस. प्यायचं नसेल तर तुळशीला घाल. तेही नको असेल तर मांगराच्या पायरीवर ओतून टाक.

पण बाटली परत पाठव, शिवदास. रिकामी असली तरी चालेल.

तुझी,
बाय